काच की टाच? स्पीच थेरपीच्या क्लिनिकबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलांच्या वाचा-उपचाराचं खासगी क्लिनिक चालवणाऱ्या किंवा काढू पाहणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतली ही काही निवडक पत्रं. पालकांची आणि एका शिक्षकांची पत्रंही घेतली आहेत, कारण तेच प्रश्न थेरपिस्टला रोज विचारले जातात.

बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) झालं, इंटर्नशिप संपली. लातूरमध्ये स्वतःचं क्लिनिक काढायचं आहे. बाबा म्हणतात, कर्ज काढून ऑडिओमेट्रीची साऊंडप्रूफ खोलीही करून घे, म्हणजे कानाची तपासणी आणि थेरपी दोन्ही होईल. सुरुवातीला नक्की काय काय लागतं? (लातूर)

साऊंडप्रूफ खोली आत्ता नको. यंत्र आणि खोली यांत मोठी रक्कम अडकते, यंत्राचं कॅलिब्रेशन दर वर्षी करावं लागतं. शिवाय तुमच्याकडे सुरुवातीला येतील ती दोन-तीन वर्षांची, न बोलणारी मुलं. हेडफोन लावून बटण दाबायची ऑडिओमेट्री त्या वयात होतच नाही, त्यांना लागते ती बेरा, म्हणजे झोपेत डोक्याला वायर चिकटवून होणारी श्रवण तपासणी. ही तपासणी जिल्ह्यात जिथे नीट होते तिथल्या ऑडिओलॉजिस्टशी ओळख ठेवा, रिपोर्ट कळला नाही तर निःसंकोच फोन करता येईल इतकी.

पहिलं काम कागदांचं. आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय पाटी लावू नका. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. हा सीआरआर क्रमांक पाटीवर, रिपोर्टवर आणि पावतीवर छापा. नावामागे ‘डॉ.’ लावायचा मोह गावोगाव दिसतो. पीएचडी नसेल तर तो टाळा. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल तर २०१७ च्या राज्याच्या कायद्यानुसार तुमच्यासारख्या छोट्या क्लिनिकला ऑनलाइन सूचना देऊन भागतं.

जागा घेताना भाडं पाहण्याआधी आवाज ऐका. दहा बाय बाराची एक खोली आणि बाहेर चार माणसं बसतील एवढी ओसरी पुरते. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्याचे चार महिने काम होत नाही. मंगल कार्यालय, पिठाची गिरणी, कोचिंग क्लासचा जिना यांच्या शेजारची जागा स्वस्त का मिळते ते उघड आहे. जागा पाहायला संध्याकाळी पाच ते सातमध्ये जा, कारण शाळेतली मुलं तुमच्याकडे येतील ती याच वेळेला. जमिनीवर जाड सतरंजी, खिडक्यांना दुहेरी पडदे आणि एका भिंतीला सॉफ्टबोर्ड लावला की घुमणारा आवाज बराच बसतो.

सामानात लहान मुलांचं बुटकं टेबल आणि पाय जमिनीला टेकतील अशा दोन खुर्च्या हव्यात. पाय लोंबकळत असले की मूल वळवळतं, आणि आपण त्याला चंचल म्हणून मोकळे होतो. मूल आणि तुम्ही शेजारी बसून दोघं दिसाल एवढा आरसा, टॉर्च, हातमोजे, लाकडी स्पॅच्युला (जीभ दाबायची पट्टी), कुलपाचं कपाट, इन्व्हर्टर. खेळणी सगळी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. हवं ते मागावं लागलं तरच मूल बोलेल, म्हणून ती झाकणाच्या पारदर्शक डब्यांत, नजरेला पडतील पण उघडता येणार नाहीत अशी ठेवा. बाजारातल्या चित्रांच्या संचात सफरचंद, इग्लू आणि झायलोफोन असतात. औसा-निलंग्याच्या मुलाला त्यांचा काय उपयोग? भाकरी, तवा, चप्पल, शेळी, ट्रॅक्टर, हंडा, एसटी यांचे फोटो स्वतः काढा आणि लॅमिनेट करून घ्या. पोळ्याचे लाकडी बैल आणि भातुकली याहून चांगलं साहित्य कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही.

मराठीत प्रमाणित चाचण्या मोजक्या आहेत. म्हणून पहिल्या दोन भेटींत मूल आणि पालक खेळत असताना ५० ते १०० उद्गार रेकॉर्ड करून लिहून काढायची सवय आत्ताच लावा. दीड ते अडीच वर्षांच्या मुलासाठी ऑटिझमची २० प्रश्नांची एम-चॅट-आर ही चाळणी मोफत मिळते. पण ती चाळणी आहे, त्यावरून पालकांना निदान सांगायचं नसतं.

फी किती ठेवावी? जालन्यात पालक घासाघीस करतात, आणि २० सेशनचं पॅकेज दिलं की पाचव्या सेशननंतर पैसे परत मागतात. (जालना)

आधी स्वतःचा खर्च मांडा. समजा भाडं ८,०००, वीज-इन्व्हर्टर २,५००, मदतनीस बाईंचा पगार ६,००० आणि साहित्य-फोन २,००० असं धरलं, तर महिन्याला १८,५०० रुपये झाले. २४ दिवस, रोज सहा मुलं, म्हणजे १४४ सेशन. पण लग्नसराई, सर्दी-ताप, सोयाबीनची काढणी आणि परीक्षा धरल्या तर चौथा हिस्सा गळतो. उरले १०८. म्हणजे तुमच्या खिशात रुपयाही न येता एका सेशनचा खर्च १७१ रुपये. महिन्याला ३०,००० घरी न्यायचे असतील तर सरासरी फी ४५० च्या आसपास बसली पाहिजे. आकडे तुमचे घाला, पण गणित हेच. नवे लोक १४४ ने भागतात आणि सहा महिन्यांनी भाडं थकतं.

रोज दहा-बारा मुलं घेऊन फी कमी करायचा मार्ग टाळा. सातव्या मुलापासून तुमचा घसा आणि लक्ष दोन्ही संपतात. सेशन ४५ मिनिटांचं धरा : ३० मिनिटं मुलाबरोबर, दहा मिनिटं पालकांकडून तेच करून घ्यायला, पाच नोंदीला. मधली दहा मिनिटं कापली तर राहिलेल्या तिसांची किंमत निम्मी होते, कारण आठवड्यातला दीड तास तुमचा, बाकीचा सगळा घरचा. आई-वडलांना दाराबाहेर बसवणारी क्लिनिकं नेमकं हेच विसरतात.

पॅकेज आठ सेशनपेक्षा मोठं देऊ नका, आणि न वापरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील हे पहिल्या दिवशीच लिहून द्या. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर सेशन पुढे ढकलायचं, न कळवता चुकवलं तर निम्मी फी, हा नियम मराठीत छापून भिंतीवर लावा. सवलत द्यायची असेल तर सहांतली एक जागा सवलतीची म्हणून बाजूला ठेवा. प्रत्येकाला थोडी थोडी दिली की घासाघीस हाच दर होतो. आणि पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना ‘कट’ देऊ नका. तो शेवटी मुलाच्या फीतूनच जातो.

साडेचार वर्षांचा मुलगा क-ग च्या जागी ट-ड म्हणतो. ‘काका’ला ‘टाटा’, ‘गाडी’ला ‘डाडी’. तीन महिने आठवड्यातून दोनदा घेतोय. समोर बसून सुटा ‘क’ छान काढतो, खुर्चीवरून उठला की पुन्हा ‘टाटा’. चुकतंय कुठे? (परभणी)

सुटा ‘क’ पुष्कळ झाला, असं दिसतं. मुलाला ‘क’ काढता येतो. क आणि ट बदलले की शब्दच बदलतो हे त्याच्या बोलण्यात अजून उतरलेलं नाही. म्हणून आता जोड्या घ्या : काच-टाच, गोळा-डोळा, गाळ-डाळ, कप-टप. मूल ट ऐवजी त म्हणत असेल तर जोड्या वेगळ्या लागतील : कार-तार, काप-ताप, गार-दार. त्यामुळे आधी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून नक्की काय म्हणतो ते ठरवा.

सुरुवात कानापासून. दोन चित्रं ठेवा, तोंडावर कागद धरून तुम्ही शब्द म्हणा, त्याने चित्र दाखवायचं. दहात नऊ बरोबर येईपर्यंत त्याला बोलायला लावू नका. मग डाव उलटा. तो म्हणेल ते चित्र तुम्ही द्यायचं, अगदी तो म्हणेल तेच. त्याला बर्फाचा गोळा हवा आहे आणि तो ‘डोळा’ म्हणाला, तर शांतपणे डोळ्याचं चित्र हातात द्या आणि थांबा. तो गोंधळेल, तुमच्याकडे बघेल. हा गोंधळच उपचार आहे, तो लगेच मिटवू नका. दोन-तीन सेकंदांनी विचारा, “डोळा पाहिजे की गोळा? गोळा मागं घशातून निघतो.” बहुतेक थेरपिस्ट इथे घाई करतात आणि ‘नाही, ग म्हण’ असं सांगून बसतात. मग दुरुस्ती तुमची होते, मुलाची होत नाही.

उच्चार अडत असेल तर शब्दाच्या शेवटचा ‘क’ आधी घ्या : नाक, चाक, एक, फूक. पुष्कळ मुलांना तिथे सोपं जातं. शब्दाच्या सुरुवातीला येताना को, कू, का आधी. ‘किडा’ आणि ‘केस’ नंतर, कारण इ आणि ए म्हणताना जीभ पुढे येते आणि सोबत क ला ओढून आणते. सतरंजीवर उताणं झोपवलं की जीभ आपसूक मागे जाते. तरीही टोक वर उचललं जात असेल तर त्यानेच स्वतःच्या धुतलेल्या बोटाने ते खालच्या दातांमागे धरून ठेवायचं. स्पॅच्युला मागे नेऊन उमासे आणू नका, पुढच्या वेळी ते मूल तोंडच उघडणार नाही.

आता मात्रा. ३० मिनिटांत त्या मुलाकडून किमान ७० उच्चार यायला हवेत, १०० झाले तर उत्तम. एका सेशनची रेकॉर्डिंग ऐकून खरोखर मोजा. चित्र रंगवणं, बक्षिसाचं स्टिकर, गप्पा यांत ते २०-२५ वर घसरलेले असतात, आणि तीन महिने वाया जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण बहुधा तेच असतं. मोजायला चिंचोके घ्या, एका उच्चाराला एक चिंचोका डब्यात. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र चिंचोके देऊ नका, नाका-कानात जातात.

चार-पाच जोड्याच घ्या. सलग दोन सेशनमध्ये ८०-९० टक्के बरोबर आले की ‘गोळा दे’, मग ‘मला लाल गोळा दे’. पंधरा दिवसांतून एकदा सराव न केलेले दहा शब्द विचारा, चूक-बरोबर न सांगता. त्यांत निम्मे बरोबर येऊ लागले की आवाज आपोआप पसरू लागला असं समजा आणि दोन-तीन आठवडे मोकळे सोडा. घरी फक्त पाच शब्द, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे ‘काका म्हण, काका म्हण’ हे बंद. ‘र’ला ‘ल’ म्हणत असेल तर तो आत्ता राहू द्या. र मराठी मुलांना उशिरा येतो, साडेचारला त्याच्या मागे लागू नका.

माझं बाळ अडीच वर्षाचं हाय, ‘आई’ पन म्हनत न्हाई. ऐकू येतंय त्याला, टीव्ही लावला की पळत येतंय. सासूबाई वेखंड घासतेत जिभंला, पोपटानं खाल्लेला पेरू बी दिला. एकजण म्हनले जिभंखालची तार कापा. काय करावं? (सेलू)

ताई, आधी कानाची तपासणी, बाकी सगळं नंतर. टीव्ही लागला की पळत येतं यावरून कान चांगले आहेत असं ठरत नाही. काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात. स, श, क, त असे बारीक आवाज येत नाहीत, आणि बोलणं त्यांच्यावरच उभं असतं. शिवाय मूल टीव्हीचा उजेड आणि मोठ्या माणसांची हालचालही पाहतं. घरी ताट वाजवून केलेली परीक्षा याच कारणाने फसते.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या तपासणीचं केंद्र, म्हणजे डीईआयसी कुठे आहे ते विचारा; तिथे किंवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात बेराची तारीख मिळेल का ते पाहा. बाळ गाढ झोपलेलं असताना ही तपासणी होते, दुखत नाही. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि येताना गाडीत किंवा एसटीत झोपू देऊ नका. बहुतेकांची फेरी तिथेच वाया जाते : बाळ वाटेत झोप काढतं आणि तपासणीच्या वेळी टकाटक जागं. डोक्याला तेल लावू नका, डोकं धुऊन न्या, कारण वायर चिकटवाव्या लागतात. सर्दी असेल तर आधी सांगा. झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर ते डॉक्टरांसमोर, तिथेच. घरून पाजून नेऊ नका. नुसती ओएई (कानात छोटं बोंड घालून होणारी तपासणी) करून ‘पास’ म्हणाले तरी बेराबद्दल विचारा. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दोष असेल तर तो ओएईत दिसत नाही.

जिभेखालची तार आखूड असेल तर एखादा उच्चार अडू शकतो, पण मूल मुळीच बोलत नाही याचं कारण ती नसते. ‘आई’ म्हणायला जीभ कुठे वर उचलावी लागते? सासूबाईंना वेखंड थांबवायला सांगताना त्यांचा मान ठेवा आणि त्यांनाच दुसरं काम द्या : रोज जेवताना आणि आंघोळीच्या वेळी बाळाच्या समोर, तोंड दिसेल असं बसून दे, घे, ये, अजून, संपलं, नको, पाणी हे सात शब्द तुमच्या बोलीत पुन्हा पुन्हा म्हणायचे. बाळाला ‘म्हण’ म्हणायचं नाही. म्हणून थांबायचं, मनात पाच मोजायचे, त्याने बघितलं, हात पुढे केला किंवा आवाज काढला की वस्तू लगेच द्यायची. तपासणीची वाट पाहत असतानाही हे सुरू करता येतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की टोळी निघते, पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परत. तोवर सगळं शिकवलेलं गेलेलं असतं. (माजलगाव)

वर्षभर आठवड्याला एक सेशन, हा नेहमीचा साचा इथे चालत नाही. तुमचं वर्ष दोन हप्त्यांत विभागा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आणि गुढीपाडव्यानंतर पेरणीपर्यंत आठवड्याला तीन-चार सेशन द्या. मधल्या पाच-सहा महिन्यांचं काम घरच्यांच्या हातात असं द्या की कोपीत (तोडीवाल्यांच्या झोपडीत) राहूनही होईल.

निघायच्या तीन आठवडे आधी नवं काही शिकवू नका. सकाळी मूल कोणाजवळ असतं ते विचारा. आई-वडील पहाटेच उसाच्या फडात जातात, मूल मोठ्या बहिणीजवळ किंवा आजीजवळ कोपीत राहतं. म्हणजे ज्या आईला तुम्ही तीन महिने शिकवलं, तिच्याकडे दिवसा वेळच नाही. तेव्हा शेवटच्या चार-पाच सेशनला त्या आजीला बोलवा. बहीण स्वतःच आठ-दहा वर्षांची असेल तर तिच्यावर ‘थेरपी’ लादू नका. रोज पाच मिनिटांचा एक खेळ तिला आवडेल असा द्या, बस्स. बाकीची पंधरा मिनिटं संध्याकाळी चूल पेटल्यावर आईची. शब्द तिथलेच निवडा : मोळी, वाढं, बैल, गाडी, कोयता, चूल, भाकर. १०-१२ फोटो लॅमिनेट करून कडीत ओवून द्या, कोपीच्या मेढीला टांगता येतील. कागदी वह्या पहिल्या दवात जातात.

फडात रेंज नसते, त्यामुळे व्हिडिओ कॉल ठरवून हिरमोड करून घेऊ नका. आठवड्याला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज तुम्ही पाठवायचा, दहा दिवसांतून एकदा मुलाच्या बोलण्याचा अर्धा मिनिट त्यांनी. रेंज येईल तेव्हा तो जातो.

मुलाला श्रवणयंत्र असेल तर सेलचा हिशेब आधी करा. एक सेल साधारण १० ते १५ दिवस जातो, म्हणजे दोन्ही कानांना सहा महिन्यांत २४ ते ३६ सेल लागतात. हे निघण्यापूर्वी घेऊनच जायला सांगा, कारखान्याच्या गावात त्या मापाचे मिळतील याचा भरवसा नाही. स्टिकर काढल्यावर सेल संपायला लागतो, म्हणून ‘तपासायला’ सगळे स्टिकर काढू नका हेही सांगा. आणि स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग यंत्रात घाला. सोबत एका पानाचं पत्र द्या : निदान, काय येतं, पुढचं उद्दिष्ट, तुमचा फोन. कोल्हापूर-सांगलीकडच्या थेरपिस्टकडे ते मूल एकदा जरी गेलं तरी तिथे शून्यापासून सुरुवात होणार नाही. आजी गावातच राहणार असेल तर मूल मागे ठेवण्याबद्दल घरच्यांशी बोलून पाहा. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन झालेली असते, त्यामुळे हे बोलणं दिवाळीच्या तोंडावर काढून उपयोग नाही, पोळ्यालाच काढा.

घरात आई तेलुगू बोलते, मी मराठी, गल्लीत उर्दू. मुलगी तीन वर्षांची, वीसेक शब्दच बोलते. एकाच भाषेत बोला असा सल्ला मिळाला. मग आईने तेलुगू सोडावं का? (देगलूर)

सोडू नये. दोन-तीन भाषांनी मूल बोलायचं राहत नाही. मोडक्यातोडक्या मराठीत आई बोलू लागली तर मात्र तिचं मुलीशी बोलणंच निम्म्यावर येईल. तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा : ‘नीळ्ळु’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द धरा. सगळे मिळूनही वीसच असतील, तर तीन वर्षांच्या वयाला ते कमी आहेत. श्रवण तपासणी आणि थेरपी, दोन्ही आता हवीत. थेरपीची भाषा ठरवताना पाहायचं एवढंच की घरी सराव कोण घेणार. ती आई असेल तर तेलुगू. थेरपिस्टला तेलुगू येत नसेल तरी आईने दोन व्हिडिओ आणि शब्दांची यादी दिली तर काम निघतं.

इथेच थेरपिस्टांसाठी एक सूचना. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन हाय’ हे घरच्या बोलीत सगळेच म्हणत असतील तर तो उच्चारदोष नव्हे. मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘ण चा न करतो’ असं लिहिण्याआधी बाहेर बसलेल्या वडलांशी दोन मिनिटं बोला.

उन्हाळ्यात नांदेडला कूलरशिवाय बसवत नाही. श्रवणयंत्राची मुलं मात्र नेमकी एप्रिल-मेमध्ये मागे पडतात. संबंध आहे का? (नांदेड)

सरळ संबंध आहे. एक मीटरवरून साधं बोलणं ६० ते ६५ डेसिबल भरतं. श्रवणयंत्राच्या मुलाला ते भोवतीच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वरचढ हवं. खिडकीतला कूलर ६० च्या घरात गेला की तुमचा आवाज आणि पंख्याची घरघर मुलाच्या कानात सारखीच पडते. यंत्र दोन्ही आवाज वाढवतं. सेशनच्या अर्धा तास आधी खोली थंड करून कूलर बंद करा, ३० मिनिटं निघतात. ते अशक्य असेल तर मुलाच्या शेजारी अर्ध्या मीटरवर बसा. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मे महिन्यात सकाळी साडेसात ते अकरा या वेळा ठेवा.

दुसरं कारण घाम. मोल्डच्या (कानात बसणाऱ्या साच्याच्या) नळीत पाण्याचा थेंब अडकला की यंत्र चालू दिसतं पण आवाज पोचत नाही. रात्री सेलचं दार उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगा. दाणे रंग बदलले की बदलायचे.

हे रोज पकडायला डॅनियल लिंग यांच्या चाचणीतले सहा आवाज पुरतात : म, ऊ, आ, ई, श, स. आवाज ऐकू आला की मुलाने एक मणी डब्यात टाकायचा. ओठ कागदाने झाका, पण कागद तोंडाला चिकटवू नका, नाहीतर श-स दबतात. एका वेळी एक कान, आधी एक मीटर, मग तीन मीटर. क्रम रोज बदला आणि दोन आवाजांमधलं अंतर कमी-जास्त ठेवा, नाहीतर मूल तालावर मणी टाकत राहतं. काल ‘स’ येत होता आणि आज नाही, तर सेशन सुरू करू नका. आधी सेल, नळी, मोल्ड तपासा.

पहिलीतला मुलगा अडखळतो. वर्गात वाचायला उभं करावं की नको? (जिल्हा परिषद शिक्षक, हिंगोली)

करावं, पण हजेरीच्या क्रमाने नको. आपला नंबर जवळ येतोय ही धास्ती अडखळणं वाढवते, म्हणून त्याला सुरुवातीलाच घ्या. दुसऱ्या एका मुलाबरोबर जोडीने वाचू द्या. एकत्र वाचताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ म्हणू नका, त्याचं वाक्य पूर्ण करू नका, चिडवणाऱ्यांना त्याच्यामागे समज द्या. सहा महिन्यांहून जास्त दिवस चालू असेल, शब्द अडताना डोळे मिटत असतील किंवा मान ताणली जात असेल, अथवा घरात आणखी कोणी अडखळत असेल, तर थेरपिस्टकडे लगेच पाठवा.

फुगे, शिट्टी, मेणबत्ती विझवणं हे व्यायाम रोज घेते. पालकांना आवडतात. किती दिवस घ्यावेत? (धाराशिव)

उच्चार सुधारण्यासाठी असतील तर एकही दिवस नको. फुंकण्याचे स्नायू मजबूत झाले म्हणून ‘स’ येत नाही. ‘स’ म्हणूनच ‘स’ येतो. टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलाच्या नाकातून हवा जात असेल तर तो सर्जनला दाखवायचा प्रश्न आहे, फुग्यांनी तो सुटत नाही. पालकांना खेळ आवडतात हे खरं, म्हणून फुगा ठेवा, पण मागायला : ‘फुगा दे’, ‘मोठा’, ‘अजून’, ‘फुटला’.

‘निरामय’ विम्यात स्पीच थेरपीचे पैसे मिळतात का? पालक विचारतात, पावती कशी द्यायची? (बीड)

नॅशनल ट्रस्टची ही योजना १९९९ च्या कायद्यातल्या चार प्रकारांसाठीच आहे : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात नियमित थेरपीचाही समावेश आहे, तिला वेगळी मर्यादा आहे. नुसतं बोलणं उशिरा आलेलं किंवा फक्त श्रवणदोष असलेलं मूल यात बसत नाही, जरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत श्रवणदोष आणि वाचा-भाषा दिव्यांगत्व दोन्ही आहेत. ही गल्लत पालकांना फेऱ्या मारायला लावते, आधीच सांगा.

पैसे खर्चानंतर मागायचे असल्याने कागद चोख हवेत. महिन्याची एकत्र रक्कम लिहिलेली पावती अडकते. प्रत्येक सेशनची तारीख, मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्रावर आहे तसंच नाव, उपचाराचा प्रकार, रक्कम, तुमची सही आणि सीआरआर क्रमांक लिहा. थेरपीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडायला सांगा. न झालेल्या सेशनची पावती कोणी कितीही गळ घातली तरी देऊ नका.